हलगरकर काका आणि मागची काच

वीस एप्रिल, बुधवार. संध्याकाळचं काम एवढंच होतं की दुसऱ्या दिवशीच्या लायसन्सच्या टेस्टसाठी गाडी पुसून ठेवायची. वर्ष दुष्काळाचं. लातूरला प्यायचं पाणी रेल्वेनं येत होतं आणि आमच्या गल्लीत टँकर आठवड्यानं यायचा, कधी त्याहूनही उशिरा. गाडी धुवायचं नाव कुणी काढत नव्हतं. भांडी विसळलेलं पाणी मी डब्यात निवळायला ठेवलं होतं. त्यातलं वरचं तांब्याभर घेतलं, जुन्या सुती साडीचा तुकडा घेतला आणि टपापासून सुरुवात केली. मागं आले तर मागची काच कुणीतरी आधीच पुसलेली होती. लखलखीत. तिच्या कोपऱ्यात मी चौदा एप्रिलला लावलेली ‘जय भीम’ची निळी अक्षरं मात्र नव्हती. त्या जागी ब्लेडचे ओरखडे होते, एकाखाली एक, सगळे एकाच दिशेनं ओढलेले.

एकाच दिशेनं हात चालवणारा माणूस आमच्या गल्लीत एकच होता. हलगरकर काका.

अडचण अशी होती की सकाळी टेस्टला माझ्या शेजारी तेच बसणार होते. शिकाऊ परवान्यावर एकटीनं गाडी काढता येत नाही, आणि ही तारीख चुकली तर पुढची महिना उलटल्यावर होती. माझ्याकडे तेवढा वेळ नव्हता. मी आरोग्य खात्यात नर्स. मुदखेडहून बढतीवर मुरुडजवळच्या उपकेंद्रात आलेले, खोली लातुरात घेतलेली. हाताखालच्या गावांना एसटी नीट जात नाही. लसीचा डबा बर्फ वितळायच्या आत पोचवायचा असतो. आजवर भाड्याची जीप होती, ती महिनाअखेरीस बंद होणार होती. वैद्यकीय अधिकारी स्पष्ट बोलले होते, “सिस्टर, स्वतःच्या गाडीनं जमत असेल तर रहा. नसेल तर ही गावं दुसरीकडं जोडतो आणि तुम्हाला परत मुदखेडला पाठवतो.” बढती बारा वर्षं थांबून मिळाली होती. म्हणून मी गाडी घेतली. छोटी, पांढरी, पाच गिअरची.

गाडी दारात आली त्याच दिवशी हलगरकर काकांनी तिचा ताबा घेतला.

ते एसटीतून निवृत्त. ड्रायव्हरांना शिकवणं आणि त्यांना नापास करणं यात त्यांच्या नोकरीची सगळी वर्षं गेली, आणि दुसऱ्या कामाचा त्यांना अभिमान जास्त होता. मूळचे निलंग्याच्या पलीकडचे, कर्नाटकाच्या हद्दीवरचे. त्यामुळे बोलण्यात कानडी यायचं. ॲक्सिलरेटरवर माझा पाय जरा जड पडला की “साकु! साकु!” असं ओरडायचे, म्हणजे पुरे. अंगात कायम इस्त्रीचा पांढरा शर्ट. त्या उन्हाळ्यात आम्ही बाकीचे कपडे दोन-दोन दिवस घालत होतो. काकांचा शर्ट रोज कडक असायचा, आणि त्याचं पाणी कुठून यायचं हे विचारायची सोय नव्हती, कारण टँकरची पाळी तेच ठरवायचे.

“शिकायचंय ना?” गाडीभोवती एक फेरी मारून ते म्हणाले. “मी शिकवतो. त्या ड्रायव्हिंग स्कूलच्या पोरांकडं जाऊ नका. ते बायांना निस्तं स्टेअरिंग धरायला शिकवतेत.”

“किती घेणार, काका?”

“पैसे? मी साहेबांची गाडी चालवलेला माणूस हाय.”

ही साहेबांची गाडी पुढं मला रोज ऐकावी लागली. उस्मानाबादेतून फुटून लातूर नवीन जिल्हा झाला, त्या वेळची गोष्ट. नव्या जिल्ह्याचे कागद आणि एक बडे साहेब घेऊन काकांनी म्हणे जीप आणली, एका दमात, गाडी कुठंही बंद न पाडता. “आम्ही जिल्हा आणला, बाई, गाडीत घालून,” ते म्हणायचे. पहिल्या वेळी जीपमध्ये कलेक्टर होते. पुढच्या आठवड्यात मंत्री झाले. एकदा मी विचारलं, “काका, परवा तर कलेक्टर म्हणाला होतात?” त्यांनी समोरच्या रस्त्याकडे बघत सांगितलं, “क्लचकडं ध्यान द्या.”

शिकवायचे मात्र चांगलं. हे लिहिताना मला आनंद होत नाही, पण खोटं कशाला लिहू. पहिला आठवडाभर त्यांनी गाडी चालूच करू दिली नाही. दारात उभ्या गाडीत बसायचं, डोळे मिटायचे, आणि ते म्हणतील तो गिअर टाकायचा. “तिसरा. पहिला. न्युटल. मागं.” गिअरकडं बघितलं की बोटांच्या गाठीनं डॅशबोर्डवर टकटक करायचे. “भाकरी थापताना परातीकडं बघता का? हातानं वळखा.” येणारे-जाणारे उभे राहून बघायचे. सत्तेचाळीस वर्षांची बाई डोळे मिटून उभ्या गाडीत दांडा हलवतेय, आणि शेजारी पांढऱ्या शर्टातला म्हातारा पाढे म्हणवून घेतल्यासारखा बसलाय. काकांना बघणारे आवडायचे. कुणी थांबलं की आवाज चढायचा.

गाडी चालू झाल्यावर त्यांनी तांब्या काढला. म्हणजे माझाच तांब्या, माझ्याच ड्रममधलं पाणी. तो काठोकाठ भरून डॅशबोर्डवर ठेवायचा आणि एमआयडीसीच्या मोकळ्या रस्त्यावर फेरी मारायची. क्लच झटक्यानं सोडला की गाडी हिसका द्यायची आणि पाणी माझ्या मांडीवर. परत आल्यावर जे उरेल तेवढ्यातच गाडी पुसायची, हा नियम. “नीट चालवलं तर गाडी सवच्छ. न्हाई चालवलं तर धुळीत. तुमच्या हातात हाय सगळं.”

पहिल्या दिवशी तांब्यात घोटभर पाणी उरलं. त्यात फक्त पुढची काच झाली, तीही अर्धी. पंधरवड्यात मी अर्ध्याच्या वर पाणी परत आणायला लागले, आणि मग गाडी पुसण्याचे धडे सुरू झाले. आधी पिसांच्या झाडणीनं धूळ उडवायची, गाडीला न टेकवल्यासारखी. मग ओलं कापड पिळून, टपावरून खाली, एकाच दिशेनं. गोल गोल फिरवलं की ओरडायचे. कोरडं फडकं धुळीवर ओढणाऱ्याला तर ते माणसांत धरत नसत. “धूळ म्हंजे काचपेपर हाय! नव्या गाडीवर काचपेपर मारताल का?” दाराच्या कडेचं काळं रबर खोबरेल तेलाच्या बोटानं पुसायचं. मॅट काढून उन्हात आपटायच्या. सीटवरचं कारखान्याचं प्लास्टिक ठेवायचं. त्या उन्हात प्लास्टिकवर बसणं म्हणजे तव्यावर बसणं, पण काकांपुढं बोलायची सोय नव्हती.

प्लास्टिक असूनही ते स्वतः खाली वर्तमानपत्र पसरून बसायचे. रोज नवं पान, घरून घडी घालून आणलेलं. उतरताना त्याची घडी करून ते गल्लीच्या टोकाला कचऱ्यात टाकायचे आणि मग घरी जायचे. मला वाटायचं, शर्ट जपतात. मग एके दिवशी समोरचे डॉक्टर गाडी घेऊन निघाले, काकांना म्हणाले, “चला, चौकात सोडतो.” काका दार उघडून तसेच आत बसले. डॉक्टरांच्या सीटवर त्यांच्या कुत्र्याचे केस असतात.

त्या दिवसापासून मी बाकीच्या गोष्टीही बघायला लागले. माझ्या तांब्यातलं पाणी त्यांनी कधी प्यायलं नाही. भर उन्हात घसा कोरडा पडला तरी स्वतःची बाटली संपली की गप्प बसायचे. टँकर आला की नळी त्यांच्या हातात. इतरांच्या ड्रममध्ये नळी तळापर्यंत सोडायचे, पाणी सांडू नये म्हणून. माझ्या ड्रमवर ती हातभर उंच धरायचे. धार वाऱ्यानं हलायची, चार तांबे पाणी जमिनीवर जायचं. त्या वर्षी चार तांबे म्हणजे आमच्याकडे एका माणसाची आंघोळ होती.

एकदा मी म्हणाले, “काका, नळी खाली सोडा की. सांडतंय.”

“घाण जाती ड्रमात, नळीची.”

“डॉक्टरांच्या ड्रममध्ये नाही जात?”

“त्यांचा ड्रम मोठा हाय,” ते म्हणाले.

त्यांच्या तोंडून वाईट शब्द कधीच आला नाही. “बाई” म्हणायचे, “तुम्ही” म्हणायचे. चिडायचं म्हटलं तर धरायला काहीच द्यायचे नाहीत. माझ्या वडिलांच्या काळी कंधारकडच्या गावात माणसं तोंडावर बोलायची, तेव्हा निदान काय बोलले ते सांगता यायचं. काकांचं सगळं मापात, इस्त्री केलेलं होतं.

मग मी शिकणं का थांबवलं नाही? कारण शिकवणी फुकट, वेळ पहाटेचा, आणि महिनाअखेर जवळ. मी त्यांचा क्लच घेत होते. बाकीचं त्यांच्यापाशीच ठेवत होते. सरकारी नोकरीत ही सवय होते.

त्यांच्यापुढं एकदाच जिंकले, ते लिंबावरून. पहिल्या अमावस्येला मी कामावर गेलेली असताना त्यांनी पुढच्या बंपरला लिंबू-मिरची टांगली. मला न विचारता. आमच्या घरी असलं काही करत नाहीत. गाडी आली त्या दिवशी मी त्रिसरण म्हटलं आणि किल्ली लावली, तेवढंच. संध्याकाळी काका गाडीपाशी उभे.

“लिंबू कुठंय?”

“पोटात.”

“आं?”

“सरबत केलं. मिरच्या ठेच्यात टाकल्या. चांगल्या तिखट होत्या.”

काकांचा चेहरा असा झाला की जणू मी टायर शिजवून खाल्लं होतं. दोन दिवस “साकु” सुद्धा म्हणाले नाहीत. त्या दोन दिवसांत माझी गाडी उत्तम चालली.

तर असे हे काका, आणि ही मागची काच.

मी तांब्या खाली ठेवला आणि त्यांच्या फाटकात गेले. ते अंगणात बाजेवर बसून अडकित्त्यानं सुपारी कातरत होते.

“काका, मागची काच तुम्ही पुसली?”

“हाव. दुपारी. उद्या टेस्ट हाय ना. म्हटलं, जरा चकाचक दिसू द्या.”

“अक्षरं?”

“निघाली ती.”

“आपोआप?”

“आता हे बघा बाई.” त्यांनी अडकित्ता खाली ठेवला. “तिथं साहेब लोक असतेत. मागचं दिसलं पाहिजे. नियम हाय. तुमच्या भल्याचंच केलं.”

“डॉक्टरांच्या गाडीवर काचभर देवाचं नाव आहे. ते वाकडं लागलं होतं, तुम्हीच सरळ लावून दिलं. त्यांना मागचं दिसतं?”

“ती येगळी गोष्ट.”

“कशी?”

त्यांनी सुपारीचं खांड तोंडात टाकलं. चघळत राहिले. मी उभी राहिले. माझ्या कामात वाट बघता येते. पोलिओच्या डोसाला तोंड मिटून बसलेली पोरं मी बघितलेली आहेत.

“लोक बोलतेत,” शेवटी ते म्हणाले. “म्हणतेत, काका रोज त्या गाडीत बसून फिरतेत, जय भीमवाल्या. मला काय न्हाई हो त्याचं. पर माझं बी एक नाव हाय गल्लीत.”

“म्हणून माझं खरवडलं.”

“खरवडलं काय म्हणता? साफ केलं.”

“बरं. मग धूळ न झाडता ब्लेड का ओढलं? काचेवर ओरखडे पडलेत.”

ते ताडकन उठले. “कुठं?”

“येऊन बघा.”

खरंच आले. चपला न घालता आले. मोबाइलची बॅटरी लावून काचेवर वाकले. एक ओरखडा, दुसरा, तिसरा. त्यांनी बोटाला थुंकी लावून तो जाईल का ते बघितलं. गेला नाही. मग शर्टाच्या टोकानं घासलं. त्या पांढऱ्या शर्टाच्या! मी त्यांच्याकडे बघत होते. अक्षरं गेली त्याचं त्यांना काही वाटलं नव्हतं. ओरखडे बघून त्यांचा चेहरा उतरला.

“घाई झाली,” ते पुटपुटले. “तुम्ही यायच्या आत करायचं म्हणून...” आणि मध्येच थांबले, कारण काय बोललो ते त्यांच्या लक्षात आलं.

“उद्या येऊ नका, काका.”

“म्हंजे?”

“टेस्टला. दुसरं कुणीतरी बसेल शेजारी.”

“येडं-बिडं लागलं का बाई? टेस्ट हाय! माझ्या हाताखालचं माणूस आजपत्तुर नापास झालं न्हाई. अन् गल्लीच्या तोंडाचा चढ? तिथं रोज बंद पडती तुमची गाडी. मग मलाच हाक मारताल.”

“मारली तर या,” मी म्हणाले आणि घरात आले.

भाकरीचं पीठ मळलं. नवऱ्याला नांदेडला फोन लावला. ते शाळेत शिक्षक, स्वभावानं सबुरीचे. सगळं ऐकून म्हणाले, “अगं, एक तर टेस्ट दे, नाहीतर भांडण कर. दोन्ही एकाच वेळी कशाला? परवा लायसन्स हातात आलं की काय बोलायचं ते बोल.”

“परवापर्यंत त्यांना शेजारी बसवायचं?”

“एक सकाळ काढ.”

“दीड महिना काढला,” मी म्हणाले. “आता नाही.”

मग आमच्या ॲम्ब्युलन्सच्या ड्रायव्हरला, सलीमला, फोन केला. त्याची दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. तो म्हणाला, “मैं आता, मॅडम. लेकिन मैं सिखाता नहीं. बाजू में बैठता, मुँह बंद करके.” मी म्हटलं, मला तसलाच माणूस पाहिजे.

सकाळी सलीम आला आणि डाव्या सीटवर रिक्षातल्या प्रवाशासारखा बसला. मी गाडी चालू केली. आमची गल्ली खोलगट आहे. मोठा रस्ता दर वेळी नव्या सिमेंटनं वर येत गेला, गल्ली खालीच राहिली, त्यामुळे तोंडाशी छातीवर आल्यासारखा चढ. तिथं ब्रेक, क्लच आणि ॲक्सिलरेटर तिन्ही एकदम सांभाळावे लागतात आणि पाय दोनच असतात.

चढावर गेले आणि गाडी बंद पडली. परत चालू केली, परत पडली. गल्लीच्या दुसऱ्या टोकानं आत आलेला टँकर मागं येऊन हॉर्न वाजवायला लागला. पाणी आलं म्हणून बाया घागरी घेऊन बाहेर पडलेल्या, त्या सगळ्या बघायला उभ्या. गाडी जरा मागं घसरली. सलीमनं दाराची मूठ धरली, पण शब्द पाळला, तोंड उघडलं नाही.

आरशात काका दिसले. फाटकाबाहेर उभे, कडक शर्ट, केस तेल लावून बसवलेले. टेस्टला निघायच्या तयारीत असलेला माणूस. मी हाक मारली नाही. काच खाली होती, मान वळवली असती तरी पुरलं असतं. ते दोन पावलं पुढं आले आणि थांबले. मग त्यांच्यानं राहवलं नाही.

“ब्रेक सोडू नका!” सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असे ओरडले. “क्लच धरू द्या आधी! गाडी नाक उचलती, मग सोडा! मग!”

सूचना बरोबर होती. मी ब्रेक दाबून ठेवला, क्लच हळूहळू वर घेतला, बॉनेट जरासं उचलल्यासारखं झालं, तेव्हा ब्रेक सोडला. गाडी चढली. आरशात शेवटचं दिसलं ते असं की काका हात वर करून उभे होते, टँकरवाला त्यांना बाजूला व्हा म्हणून ओरडत होता आणि त्यांना ते ऐकू येत नव्हतं. मी दुसरा गिअर टाकला आणि रस्त्याला लागले. महिनाअखेरीस मी मुरुडलाच खोली घेतली. काकांना त्यानंतर बघितलं नाही.

टेस्टच्या मैदानावर आमचा नंबर लवकर लागला. आठचा आकडा काढला, मागं घेतली, चढावर थांबवून परत उचलली. इन्स्पेक्टर वयस्क होते, खिडकीशी वाकून बघत होते. उतरल्यावर म्हणाले, “बाई, क्लचवर पाय चांगला आहे तुमचा. हल्ली असं कुणी शिकवत नाही. ही जुन्या एसटीवाल्याची पद्धत दिसते. कुणाकडं शिकलात?”

सलीम माझ्याकडे बघायला लागला. नाव घेतलं असतं तर साहेबांनी ओळखलं असतं, निरोप दिला असता, आणि दुपारपर्यंत तो गल्लीत पोचला असता.

“सही कुठं करायची, साहेब?” मी विचारलं.

त्यांनी बोटानं जागा दाखवली. मी सही केली आणि गाडी मुरुडच्या रस्त्याला काढली.